धाकट्याच्या छातीचा फोटो

छातीचा फोटो काढणारी गाडी कारखान्याच्या फाटकाशी येणार आणि सगळ्यांची तपासणी फुकट होणार, हे मुकादमाने सुट्टीच्या वेळेला सांगितलं. माणसं डबे उचलून घरच्या रस्त्याला लागली. रस्त्याने मात्र सगळ्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. तोंडाला बांधायचं साधं फडकं ज्यांनी आजवर दिलं नाही, त्यांना आपल्या छातीची काळजी आत्ताच कशी लागली?

थोरला त्या घोळक्यात सगळ्यात मागे होता. चढ आला की तो थांबायचा, एका हाताने कुंपणाचा खांब धरून बूट काढायचा आणि आतला खडा झटकायचा. बुटात खडा नसायचा. त्याची बायको त्याच कारखान्याच्या आवारात फरशीचे तुकडे निवडायला होती. तीही त्याच्याबरोबर थांबायची आणि निघाला का खडा, म्हणून विचारायची. निघाला म्हणायचा. मग दोघं पुढे चालायची.

टेकडीच्या पोटातून दगड निघायचा, कारखान्यात त्याच्या फरश्या व्हायच्या आणि त्या कुठल्या तरी लांबच्या देशात जायच्या. थोरला लग्नाआधीपासून तिथे होता. खोकला त्याला सकाळचा असायचा. मग संध्याकाळचाही आला. हल्ली तो बोलताना मध्येच थांबायचा, आणि समोरच्याला वाटायचं की हा विचार करतोय.

दोघं घरी आली तेव्हा सासूबाई शेळ्यांसाठी दोर वळत बसल्या होत्या. गाडीचं ऐकून त्यांचे हात थांबले. त्यांना पैलवान आठवला. तो खालच्या आळीत राहायचा. तरुणपणी एकटा फरशी खांद्यावर घ्यायचा म्हणून त्याला पैलवान म्हणत. त्याला साहेबाच्या समोरच खोकल्याची उबळ आली होती. साहेब गोड बोलला होता, घरी जा, विश्रांती घे, बरं वाटलं की ये. पैलवान बरं वाटल्यावर फाटकावर गेला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा माणूस होता. आता तो दिवसभर दारात बसून असतो, आणि श्वास घेतो तेव्हा कुणीतरी आत कानस घासतंय असं वाटतं.

"खोकणारी माणसं वेचून काढायची आहेत त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "पैलवान एकटा दिसला म्हणून एकटा गेला. आता यंत्राने बघणार."

सुनेलाही तसंच वाटत होतं. यात कुठंतरी पाणी मुरतंय एवढं तिला कळत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. न जावं तर मुकादमाच्या डोळ्यावर येणार. जावं तर फोटो येणार.

धाकटा शेळीची धार काढून आत आला. तो कारखान्यात कधीच गेला नव्हता. शेळ्या हाच त्याचा धंदा. टेकडी चढून वर गेला तरी तोंडाने शीळ चालूच असायची. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे बघितलं. दोघा भावांत वयाचं अंतर होतं, पण नाक, कपाळ, उभं राहण्याची ढब एकच.

"फोटो छातीचाच काढणार ना?" त्यांनी विचारलं. "तोंडाचा नाही?"

धाकट्याला आधी कळलं नाही. कळल्यावर तो हसला. सुनेने सांगून बघितलं, की उघडकीला आलं तर दोघं भाऊ अडकतील. सासूबाई म्हणाल्या, उघडकीला आणणार कोण, गाडीतली माणसं परकी. थोरल्याला विचारलं तर तो नेहमीसारखं म्हणाला, "बघा तुम्ही."

गाडी आली त्या दिवशी सासूबाईंनी खुंटीवरचा थोरल्याचा कामाचा सदरा काढला आणि धाकट्याच्या डोक्यावर झटकला. पांढरी भुकटी त्याच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसली. धाकटा शिंकला आणि हसायला लागला.

"हसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "दादा हसत नाही."

थोरल्याचं ओळखपत्र त्याच्या खिशात घातलं. त्यावरचा चेहरा इतका पुसट झाला होता की दोघांपैकी कुणाचाही म्हणता आला असता. थोरला शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला. कामाच्या दिवशी सकाळी घरी बसायची त्याला सवय नव्हती. तो लेंड्या झाडत राहिला आणि मग धुळीने खोकत राहिला.

धाकटा दुपारी परत आला तो मजेत होता. गाडीत थंडगार वाटत होतं. एक डॉक्टरीणबाई होती, श्वास भरून घ्या म्हणाली, धरून ठेवा म्हणाली. त्याने इतका वेळ धरला की तीच सोडा म्हणाली. आणि फाटकाशी नावं पुकारायला मुकादम उभा होता, पण त्यालाही काही कळलं नाही. त्याने क्षणभर बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

सून हसली नाही. मुकादम याच गावातला. लहानपणी या दोघा भावांबरोबर याच अंगणात खेळलेला, सासूबाईंना अजून मावशी म्हणणारा. त्याला कळलं नाही हे तिला पटेना. त्याला कळलं असेल आणि तो बोलला नसेल, तर का बोलला नाही, हे मग तिला दोन्ही वेळच्या स्वयंपाकात छळत राहिलं.

तपासणीचा निकाल आला. ज्यांच्या फोटोत डाग होते त्यांना एकेक करून बोलावलं. त्यांच्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, जणू आतून काहीतरी उचलून आणणार आहेत. पण माणसं आपल्या पायांनी बाहेर आली. त्यांना धुळीच्या कामावरून काढून फरश्या पुसायला, खोक्यात भरायला लावलं होतं. पगार तोच होता. औषधं दिली होती. डॉक्टरीणबाई खालच्या आळीत पैलवानाकडेही जाऊन आली आणि त्याच्या उशाशी श्वासाचं यंत्र ठेवून गेली.

गावाने तरी विश्वास ठेवला नाही. आज हलक्या कामावर टाकलं, उद्या घरी बसवतील, असं जो तो म्हणत होता. मग पाण्याच्या टँकरवाल्याने खरी बातमी आणली. लांबच्या देशातल्या गिऱ्हाइकाने कारखान्याला कळवलं होतं, की हा दगड कापून माणसं मरतात असं आमच्या कानावर आलंय. त्यांना तपासा, बरं करा, पुढे कुणाला होऊ देऊ नका. नाहीतर माल दुसरीकडून घेऊ.

हे ऐकून सासूबाईंनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मायेने करत असते तर मला भीती वाटली असती. गिऱ्हाईक जाईल म्हणून करतायत, म्हणजे खरं असेल." आणि त्यांनी तोंड फिरवलं, कारण थोरला समोर बसला होता.

थोरल्याचा फोटो स्वच्छ आला होता.

डागवाली माणसं धुळीतून निघाली तेव्हा त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. मुकादमाने स्वच्छ छातीवाल्यांतून माणसं उचलली आणि थोरल्याला मोठ्या करवतीवर उभं केलं. त्या करवतीच्या पात्यावर पाणी सोडायची नळी होती. पण दिवस कडक उन्हाचे होते, कारखान्याची विहीर आटली होती, पाणी टँकरने यायचं. फरशी घासून चकाकी आणायला पाण्यावाचून चालत नाही. कापायला चालतं. म्हणून करवत कोरडी चालायची. पातं दगडात शिरलं की धूर निघावा तशी भुकटी उठायची आणि छपराखाली तशीच लोंबकळत राहायची. थोरला तोंडाला ओलं फडकं बांधायचा. त्याचा थोड्याच वेळात चिखल व्हायचा. पिळून परत बांधायचा.

सून आवारातून बघायची. सुट्टी झाली की आतून एक पांढरा माणूस बाहेर यायचा आणि त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांवरूनच तो आपला नवरा आहे हे तिला कळायचं. चढावर आता तो खड्याचं सोंग करत नव्हता. सरळ खाली बसायचा. घरी भिंतीला टेकून झोपायचा, कारण आडवं झालं की दम कोंडायचा. सासूबाईंनी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. त्याचं ताट वाढायच्या आणि पाठ करून बसायच्या. धाकटा एकदा म्हणाला, मी जाऊन सांगतो तो फोटो माझा होता म्हणून. सासूबाईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "फसवलं म्हणून दादाला काढतील आणि तुला कोंडतील. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

गाडी आता दर आठवड्याला यायची. एक दिवस सुनेने तुकड्यांची पाटी खाली ठेवली, डोक्याचं फडकं सोडून हात पुसले आणि ती गाडीच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाई हात धूत होती. तिने काय होतंय म्हणून विचारलं. सुनेने उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं.

"तुम्हाला पगार कोण देतं?"

"कंपनी."

"मग तुम्ही आमच्या कशा?"

बाईने नळ बंद केला. "तुमची नाही मी," ती म्हणाली. "पण फोटोत दिसतं ते मी बदलत नाही. आणि मला जे सापडतं ते कंपनीला कळतं तसं गिऱ्हाइकाच्या माणसांनाही कळतं. ते कंपनीला अडवता येत नाही."

"कामावरून काढणार नाहीत, असं सांगता?"

"नाही सांगता येणार. ते माझ्या हातात नाही. काढलं तर मी गप्प बसणार नाही, एवढंच सांगते."

सून जरा वेळ पायरीकडे बघत राहिली. बाईने मोठा शब्द दिला असता तर ती तशीच माघारी फिरली असती. बाईने दिला नाही, म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. सदरा झटकला तेही सांगितलं.

त्याच दुपारी थोरल्याला करवतीवरून बोलावून आणलं. श्वास भरून घ्या म्हटल्यावर तो खोकला. पुन्हा म्हटल्यावर पुन्हा खोकला. मधल्या कुठल्या तरी क्षणात बाईने फोटो उरकला. तो उजेडात धरून तिने पाहिला आणि त्याच नावाचा आधीचा फोटो शोधून काढला. मग म्हणाली, आता आपण सगळे वर ऑफिसात जाऊ.

साहेबाच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली फरशीचे नमुने मांडले होते, पांढरे, करडे, गुलाबी. थोरला उभा होता तिथे त्याच्या बुटांची भुकटी गुळगुळीत जमिनीवर पडली होती आणि तो ती बुटानेच बाजूला सारायचा प्रयत्न करत होता. साहेबाने दोन्ही फोटो खिडकीशी धरून पाहिले. एक काळाभोर, स्वच्छ. दुसऱ्यात पिठाच्या गाठी पसरल्यासारखं. एकाच नावाचे दोन फोटो.

साहेब ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, की कंपनीने गाडी आणली, डॉक्टर आणली, आपल्याकडून होतं ते सगळं केलं. फसवलं तुम्ही. आता करवतीवर जे झालं त्याची जबाबदारी कंपनीवर कशी येते? मग त्याने स्वच्छ फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुणाचा?

सून सांगणार होती. थोरल्याचा बूट तिच्या पायाला लागला.

"माहीत नाही," थोरला म्हणाला.

"नाव सांगितलंस तर औषधपाण्याचा विचार करता येईल."

"माहीत नाही."

सुनेला कळेना हा काय करतोय. आणि मग कळलं. नाव कशाला हवंय हे त्यालाही समजलेलं नव्हतं, पण या खोलीत भावाचं नाव टाकायचं नाही एवढं त्याने ठरवलं होतं. दाराशी मुकादम उभा होता. साहेबाने त्याला विचारलं, तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. एवढी माणसं रांगेत होती, मी ओळखपत्रं बघतो, तोंडं कुठे बघत बसू, असं म्हणाला.

थोरल्याने मान वळवली. बोलण्याआधी त्याला दम घ्यावा लागला.

"तू ओळखलं होतंस," तो म्हणाला.

मुकादम काचेखालच्या नमुन्यांकडे बघायला लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाली, यांनी खोटं केलं ते खरं आहे, ते मीही लिहीन. पण करवतीला पाणी नव्हतं, ते यांनी केलं नाही. फोटो खराच असता, तरी तिथे उभं केलेल्या स्वच्छ छातीचीही काही वर्षांनी अशीच गत झाली असती. तेही मी लिहीन. साहेबाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

सून एक पाऊल पुढे आली. लहान आवाजात म्हणाली, "भीती वाटली म्हणून केलं, साहेब. पैलवानाला तुम्ही याच खोलीत सांगितलं होतं, विश्रांती घे म्हणून."

साहेब खिडकीकडे वळला. पुढचं सगळं तो खिडकीकडे तोंड करूनच बोलला. औषधं मिळतील. उद्यापासून फरश्या धुवायचं काम, पगार तोच. टँकर वाढवायला सांगतो, करवतीला पाणी मिळेल. झाला प्रकार इथेच संपला. मुकादमाला तो काहीच म्हणाला नाही.

थोरल्याला नळी धरून फरश्या धुवायचं काम मिळालं. भुकटी नाही, नुसतं पाणी. औषधाने खोकला गेला नाही, पण तो परत आडवा होऊन झोपायला लागला. सासूबाई त्याच्याकडे तोंड करून बसायला लागल्या. एवढं झाल्यावर कुणालाही बरं वाटलं असतं. सुनेला वाटेना. सगळं फार सरळ झालं होतं.

मग एका संध्याकाळी मुकादम घरी आला. दारातल्या दगडावर बसला, चहा घेतला, मावशी मावशी करत शेळ्यांची चौकशी केली. चारा संपत आला होता, निम्म्या शेळ्या विकल्या होत्या, हे त्याला माहीत होतं.

"करवतीची जागा रिकामी आहे, मावशी," तो म्हणाला. "धाकट्याला पाठवा. त्याची छाती तर तपासून झालेलीच आहे. परत फोटोसुद्धा नको."

सासूबाई दोरातला पीळ उलगडत बसल्या. थोरला आत होता, त्याचं खोकणं थांबलं. धाकटा मात्र लगेच पुढे आला. शेळ्यांशिवाय दुसरं काही करायचं त्याच्या कधीपासून मनात होतं.

"पाणी असतं?" सुनेने मुकादमाला विचारलं.

"असतं की."

"गाडी येत नाही त्या दिवशीपण?"

मुकादम हसला. त्याने कप खाली ठेवला, उठला आणि उद्या सकाळी ये, असं धाकट्याला सांगून गेला.

घरात त्यावरून बरंच बोलणं झालं. सून नको म्हणाली. सासूबाई नको म्हणाल्या, पण चाऱ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या. धाकटा म्हणाला, आता नियम झालाय, साहेबाने शब्द दिलाय, नसलं पाणी तर येईन निघून. थोरल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. या खेपेला तो बघा तुम्ही म्हणाला नाही. सकाळी धाकट्याच्या पुढे चालत त्याला फाटकापर्यंत घेऊन गेला.

सुरुवातीला पाणी होतं. धाकटा चिखलाने माखून यायचा आणि बघ वहिनी, धूळ नाही, म्हणून हात दाखवायचा. सून बघायची आणि तरी रोज विचारायची. मग एका दिवशी टँकर उशिरा आला. फाटकाशी मालाचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर घाई करत होता.

सून आवारात तुकडे निवडत होती. पाण्यातून चालणाऱ्या करवतीचा आवाज जड असतो, गुरगुरल्यासारखा. कोरडीचा पातळ, दातात शिरणारा. तो पातळ आवाज आला आणि तिचा हात तुकड्यावर थांबला. ती उठायच्या आत तिला थोरला दिसला. फरश्या धुण्याच्या ओट्यावरून त्याने नळी ओढून काढली होती आणि ती खांद्यावर घेऊन तो करवतीच्या छपराकडे चालला होता. लांबी पुरेना तशी तो कमरेत वाकून ओढत होता, थांबत होता, खोकत होता, परत ओढत होता. धाकट्याच्या शेजारी जाऊन त्याने पाण्याची धार पात्यावर धरली. उठलेली भुकटी खाली बसली.

मुकादम धावत आला. हे पाणी धुण्याचं आहे, चकाकीला पुरणार नाही, ट्रक खोळंबलाय, असं बरंच बोलला. थोरला धार धरून उभा राहिला. मुकादम भिंतीपाशी गेला आणि त्याने नळ बंद केला. नळीतलं पाणी बारीक होत थांबलं.

धाकट्याने करवत बंद केली.

शेजारच्या करवतीवरचा माणूस इकडे बघत होता. त्याच्याही पात्यावर पाणी नव्हतं. त्याने थोडा वेळ हातांकडे पाहिलं, मग त्यानेही बटण दाबलं. छपराखाली इतकी शांतता झाली की फाटकाबाहेर ट्रकचा ड्रायव्हर कुणाला तरी हाक मारत होता ती ऐकू आली. मुकादम म्हणाला, दोघं भाऊ उद्यापासून घरी बसाल. थोरला कोरडी नळी पात्यावर तशीच धरून, वाकून खोकत होता. नळी त्याने सोडली नाही.

मुकादमाने ट्रककडे बघितलं, वर साहेबाच्या खिडकीकडे बघितलं. मग तो परत भिंतीपाशी गेला आणि त्यानेच नळ सोडला. पाणी एकदम आलं तेव्हा नळी थोरल्याच्या हातात उसळली आणि दोघं भाऊ आणि शेजारचा माणूस, तिघंही भिजले.

करवत सुरू झाली. आवाज जड येत होता.

सून परत खाली बसली. आता मुकादम नळ पुन्हा कधी बंद करेल, ट्रक गेल्यावर की तपासणीची गाडी येऊन गेल्यावर, याचा ती विचार करत होती. तिने तुकडा उचलला, पाटीत टाकला, दुसरा उचलला. मान वर न करता, कान तिकडे लावून ती निवडत राहिली.